एक रुपयावाला कॉइन बॉक्स परत वाजता केला: डब्बा कसा आहे, अन् फुकट फोनच्या जुन्या युक्त्या त्यावर चालतात का

लाल रंगाचा, एक रुपयावाला कॉइन बॉक्स, म्हणजे रुपया टाकून बोलायचा जुना सार्वजनिक फोन, चालू कंडिशन. डब्बा भुसावळला एका भंगारवाल्याकडे सहाशेला मिळाला आणि जळगावला गोलाणी मार्केटमधल्या एका रिपेअरवाल्या भाऊंनी तो बाराशेत जिवंत करून दिला, म्हणजे सगळे मिळून अठराशे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण भाऊंनीच सांगितलं की नेटवर टाकू नको, एकटा माणूस आहे, आधीच लोकांचे टेपरेकॉर्डर अन् डीव्हीडी प्लेअर येऊन पडलेत. पण काम इतकं मन लावून केलंय की त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मला हा शोपीस म्हणून नको होता. अमळनेरला स्टँडजवळ आमच्या मामांचा एसटीडी बूथ होता, आत काचेची केबिन अन् बिलाचं मशीन, बाहेर शटरला साखळीने बांधलेला असाच लाल डब्बा. मामांना लहानपणी पोलिओ झालेला, त्यांना बूथ अपंगांच्या प्राधान्यातून मिळाला होता, त्या काळात बूथ देताना अपंग, विधवा, माजी सैनिक यांना आधी विचारायचे. माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या काउंटरमागे गेल्या. फुकट फोन कसा करायचा याच्या युक्त्या तिथे रोज कानावर पडायच्या, कोण म्हणायचं दोरा बांधा, कोण म्हणायचं हुक टिचकवा, कोण म्हणायचं उलटा धरून बोला, आणि यातलं खरं किती अन् नुसत्या गप्पा किती हे तेव्हा कधी कळलं नाही. म्हणून डब्बा घेतला, उघडला, लाईन जोडली आणि एकेक करून सगळं लावून बघितलं. मामांना पण बोलावलं, कारण त्यांच्याशिवाय या टेस्टला अर्थ नव्हता.

आधी डब्ब्याबद्दल. बॉडी जाड पत्र्याची आहे, आजच्या कुठल्याही फोनपेक्षा दणकट, भिंतीला चार स्क्रूने ठोकला की हलत नाही. खाली कुलूपवाला गल्ला, किल्ली नव्हती ती भाऊंनी बनवून घेतली. समोर छोटा लाल आकड्यांचा डिस्प्ले, त्यातला एक आकडा अर्धाच पेटतो, तो मिळत नाही म्हणून तसाच ठेवलाय. कीपॅड आधी दोन अन् पाच घेतच नव्हतं, भाऊंनी आतलं रबर बदललं अन् बोर्ड स्पिरिटने साफ केला, आता नीट चालतं, फक्त पाचला थोडा जोर लागतो. हँडसेटची वायर बदलली. आवाज एकदम खणखणीत, हे मला अपेक्षित नव्हतं, मोबाईलवर दबका आवाज ऐकायची सवय झालेल्या कानाला हा फोन फार मोकळा वाटतो.

चालतो कसा ते सांगतो, कारण पुढच्या सगळ्या युक्त्या यावरच उभ्या आहेत. हँडसेट उचलायचा, नंबर दाबायचा, रिंग ऐकू येते. समोरच्याने उचललं की त्याचं हॅलो तुम्हाला ऐकू येतं पण तुमचा आवाज तिकडे जात नाही, डब्बा टुंटुं करत राहतो, मग रुपया टाकायचा, खट्ट आवाज होतो अन् माईक उघडतो. मिनिट संपत आलं की परत टुंटुं, दुसरा रुपया टाका नाहीतर कट. आता डब्ब्याला कसं कळतं की समोरच्याने उचललं? लाईनच्या दोन तारांवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट येत असतात, आणि समोरचा फोन उचलला की एक्स्चेंज त्या तारांचं प्लस-मायनस उलटं करतं. डब्बा तेवढ्या एका उलटापालटीवर डोळा ठेवून बसलेला असतो. माईक आधीपासून बंदच, ती झाली की टुंटुं चालू, रुपयाची वाट.

आणि इथेच आजच्या काळात घोळ होतो. डब्बा घरी आणून फायबरच्या बॉक्समागच्या फोन पोर्टला लावला तर रिंग जाते, समोरचा उचलतो, डब्बा मात्र ढिम्म, रुपया घेत नाही अन् माईकही उघडत नाही. आमच्याकडच्या कनेक्शनला ते प्लस-मायनस उलटं होणंच येत नाही. कस्टमर केअरला फोन करून सांगायचा प्रयत्न केला, तिकडच्या पोराला पोलॅरिटी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही, त्याला ते कोणी शिकवलंच नसणार. शेवटी ग्रँडस्ट्रीमचं एचटी८०२ नावाचं अडॅप्टर घेतलं, छोटी डबी असते, दोन फोनचे पोर्ट, त्याच्या सेटिंगमधे पोलॅरिटी रिव्हर्सल, म्हणजे तेच प्लस-मायनस उलटं होणं, चालू करता येतं अन् जुनं पल्स डायलिंग पण, म्हणजे चकतीच्या फोनसारखं लाईन तोडत-जोडत नंबर लावणं. एका पोर्टला डब्बा, दुसऱ्याला मामांच्या घरातला जुना फोन, मधे रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर टाकून घरातल्या घरात छोटं एक्स्चेंज. आता डब्बा अगदी तेव्हासारखा वागतो. ज्यांना असा डब्बा घ्यायचाय त्यांनी हा खर्च आधीच धरा, नाहीतर भिंतीवर नुसता लाल पत्रा लटकेल.

आता नाणं. हे लिहायलाच पाहिजे कारण पहिल्याच दिवशी यात अडकायला होतं. आज खिशात जो छोटा रुपया असतो तो डब्बा घेत नाही, टाकला की सरळ खालच्या वाटीत परत. २०११ ला निघालेला रुपया साधारण २२ मिलिमीटरचा अन् ३.७९ ग्रॅमचा आहे (२०१९ च्या मालिकेचा तर त्याहूनही लहान), त्याआधीचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर अन् ४.८५ ग्रॅम. डब्बा त्या मोठ्या रुपयासाठी बनलाय. आणि गंमत बघा, हा २०११ चा रुपया मापाने जवळपास जुन्या स्टीलच्या आठाण्याएवढाच आहे. म्हणजे जो डब्बा आठाणे टाकून रुपयाचा फोन करणाऱ्याला अडवायला बनवला होता तो आता खऱ्या रुपयाला अडवतो, अन् त्याच्या हिशोबाने बरोबरच करतो. भाऊ म्हणाले खाच लहान करून देऊ का, मी नको म्हटलं. मोठे रुपये अजून चलनात आहेत, आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांना सांगून ठेवलंय, ते गल्ल्यातून वेगळे काढून ठेवतात.

तर आता युक्त्या.

दोरा बांधायची युक्ती सगळ्यात प्रसिद्ध, नाण्याला भोक पाडून दोरा ओवायचा, टाकायचं अन् बोलणं झालं की वर ओढायचं. माझ्या डब्ब्यात नाण्याच्या वाटेवर एक छोटी पत्र्याची जीभ आहे, ती नाण्याला खाली जाऊ देते, वर येऊ देत नाही. दोरा ओढला की नाणं जिभेखाली अडकतं, जास्त ओढलं की दोरा तुटतो, आणि नाणं गल्ल्यात. रुपयाला भोक पाडायची मेहनत अन् वर रुपयाही गेला. मामा म्हणाले, "दोरे बरेच निघायचे रे गल्ल्यातून, पण रुपयासकट निघायचे." म्हणजे ही युक्ती फेल.

वॉशर मात्र चालतो. हे मला लिहायला बरं वाटत नाही पण टेस्ट केली तर खरं सांगायला पाहिजे. परदेशातल्या जुन्या पेफोनमधे नाण्याच्या वाटेवर लोहचुंबक असायचा, लोखंडाचा तुकडा टाकला की चिकटायचा, कारण तिकडची नाणी तांबं-निकेलची, चुंबकाला न चिकटणारी. आपला १९९२ पासूनचा रुपयाच मुळी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा आहे, घरी लावून बघा. मग चुंबक कशाला उपयोगी पडणार, तो खऱ्या रुपयालाच धरून ठेवेल. त्यामुळे डब्बा फक्त माप अन् वजन बघतो, आणि बरोबर मापाचा वॉशर निघाला की फसतो. मामांनी आठवून सांगितलं की महिन्याचा गल्ला मोजताना वॉशर वेगळे काढून एका डबीत ठेवायचे, ती डबी भरली की शेजारच्या सायकलवाल्याला देऊन टाकायचे, त्याच्या कामाला यायचे.

हुक टिचकवायची युक्ती माझी सगळ्यात आवडती, कारण तिच्यामागे खरं डोकं आहे. जुना चकती फिरवायचा फोन नंबर कसा पाठवतो, तर लाईन क्षणभर तोडतो अन् जोडतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. पाच फिरवला तर पाच वेळा तोडतो, शून्य फिरवला तर दहा वेळा. आणि हँडसेट ठेवायचा हुक दाबला की पण लाईन तुटतेच. म्हणजे चकतीला हात न लावता हुकवर नीट तालात टिचक्या मारल्या, आकड्यांच्या मधे थोडं थांबलं, तर एक्स्चेंजला फरकच कळत नाही. घरोघरी चकतीच्या भोकात छोटं कुलूप घालायचे ना, वडील ऑफिसला गेले की पोरांनी फोन करू नये म्हणून, ते कुलूप याच युक्तीने निकामी व्हायचं. ब्रिटनमधे ए बटण अन् बी बटणवाले जुने पेफोन होते, त्यात पैसे टाकल्याशिवाय चकती फक्त नऊ अन् शून्य घ्यायची, इमर्जन्सी अन् ऑपरेटरसाठी, बाकी आकडे बंद. तिकडच्या पोरांनी टिचक्या मारून अख्खा नंबर लावायला सुरुवात केली अन् लोकल फोन फुकट.

माझ्या डब्ब्यावर टिचक्या मारून नंबर खरंच लागला. पल्स डायलिंग चालू केलं, सावकाश मारत गेलो, मामांच्या फोनची घंटी वाजली, आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. पण पुढे काय, मामांनी उचललं, तारांचं प्लस-मायनस उलटं झालं, डब्बा टुंटुं करायला लागला अन् माईक बंद. म्हणजे नंबर लावायला कीपॅड लागत नाही, पण बोलायला रुपया लागतोच. ब्रिटनच्या त्या डब्ब्यात पहारा चकतीवर होता, आपल्या डब्ब्यात पहारा माईकवर आहे, आणि तोच जास्त शहाणपणाचा. शून्य मारून एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा फोन, लागेल का म्हणाल तर मामांच्या कॉइन बॉक्सच्या लाईनला शून्य एक्स्चेंजमधूनच बंद होतं, कीपॅड असो की टिचकी.

उलटा धरून बोलणे. म्हणजे माईक बंद आहे ना, मग कानाला लावायच्या बाजूने ओरडायचं. ऐकायला खुळेपणा वाटतो, पण कानाचा स्पीकर आणि माईक आतून भाऊबंदच असतात, पातळ पडदा हलला की तारेत थोडा करंट तयार होतो, म्हणून साध्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या फोनमधे हळू आवाज पलीकडे जाऊ शकतो. माझ्या डब्ब्यात नाही जात. भाऊंनी बोर्ड दाखवला, कानाच्या स्पीकरआधी ॲम्प्लिफायरची आयसी आहे, आणि त्यातून आवाज एकाच दिशेने जातो. मी बेंबीच्या देठापासून ओरडून बघितलं, शेजारच्या खोलीतून मामांना भिंतीतून ऐकू आलं, फोनमधून नाही.

अमेरिकेतल्या युक्त्यांबद्दल नेटवर भरपूर वाचायला मिळतं, त्यातली पेफोनची खरी युक्ती म्हणजे रेड बॉक्स. तिकडच्या पेफोनमधे नाणं पडलं की फोन एक सूर काढायचा, १७०० अन् २२०० हर्ट्झ एकत्र, पाच सेंटच्या नाण्याला एकदा, दहा सेंटला दोनदा, पंचवीस सेंटला पाच वेळा पटपट. तो सूर बोलण्याच्याच लाईनवरून एक्स्चेंजला जायचा अन् एक्स्चेंज त्यावरून पैसे मोजायचं. मग काय, तोच सूर टेपवर घेतला किंवा छोट्या डबीतून वाजवला की एक्स्चेंजला वाटायचं नाणी पडली. त्याच्या आधीचा ब्लू बॉक्स लांबच्या कॉलसाठी, २६०० हर्ट्झचा सूर, तो ऐकला की लांबच्या लाईनला वाटायचं फोन ठेवला गेला अन् ती मोकळी व्हायची. जो एंग्रेसिया नावाचा जन्मांध मुलगा तो सूर तोंडाने शिट्टी मारून काढायचा, जॉन ड्रेपर सिरियलच्या खोक्यातून फुकट मिळणाऱ्या खेळण्यातल्या शिट्टीवर, आणि ॲपल काढायच्या आधी वोझनियाक अन् जॉब्ज हे दोघं असे ब्लू बॉक्स बनवून विकत होते. एंग्रेसियाची गोष्ट मला फार भिडते, डोळ्यांनी काही दिसत नसताना त्या मुलाने देशभरचं टेलिफोनचं जाळं कानाने वाचलं.

मी १७०० अन् २२०० चा सूर मोबाईलवर बनवून डब्ब्याला ऐकवला. काहीही झालं नाही, आणि होणारच नव्हतं, पण का ते समजून घेण्यासारखं आहे. तिकडे पैसे मोजायचं काम एक्स्चेंज करायचं अन् निरोप आवाजातून जायचा, म्हणून आवाजाने फसवता यायचं. आपल्याकडे एक्स्चेंजला रुपया पडला की नाही याच्याशी देणंघेणंच नव्हतं. समोरच्याने उचललं की एक्स्चेंज मामांच्या लाईनवर मीटर टाकणार, मग डब्ब्यात रुपया पडो, वॉशर पडो की काहीच न पडो. महिन्याचं बिल मामांच्या नावाने येणार.

आणि म्हणूनच या युक्त्यांबद्दल माझं मत त्या अमेरिकेच्या गोष्टी वाचून होईल तसं नाही. तिकडे समोर एक अवाढव्य कंपनी होती, तिच्या मशीनमधली फट पोरांनी शोधली, ठीक आहे, त्यात चोरी असली तरी कुणा एकाचं पोट मारलं जात नव्हतं. आपल्याकडे डब्ब्याच्या मागे कंपनी नव्हतीच हो. पायात कॅलिपर घातलेला एक माणूस होता, जो सकाळी शटर उघडायचा अन् रात्री उशिरा पाव रेटचे, म्हणजे दिवसाच्या चौथाई दराचे, फोन करणारे गेले की बंद करायचा, आणि कॉलमागे कमिशनचे थोडेसे पैसे मिळवायचा. प्रत्येक वॉशरचा रुपया त्याच्या खिशातून जायचा.

यातली एक युक्ती तर अशी होती की मला ती कधी चोरी वाटलीच नाही, आणि तीही चोरीच हे टेस्ट करताना पहिल्यांदा कळलं. रुपया टाकायच्या आधी समोरचं हॅलो ऐकू येतं ना, मग आधीच ठरवून ठेवायचं. जळगावला होस्टेलवर राहणारा पोरगा संध्याकाळी ठरलेल्या वेळेला लोकल नंबर लावणार, काका उचलून हॅलो न म्हणता सरळ बोलत सुटणार, "गावाकडे सगळं बरं शे, डबा उद्याच्या गाडीने येईल, पैसे सोमवारी." डब्बा टुंटुं करत असतो, पण बोलणं ऐकू येतं, आणि रुपया न टाकता पोरगा फोन ठेवून देणार. निरोप पोचला, पैसा लागला नाही, सगळे खुश. मी मामांना विचारलं, असं बरेच जण करायचे ना? ते म्हणाले, "करायचे ना. उचललं की मीटर पडायचं. तेवढं सोडून द्यायचो, पोरं कुठून आणणार रुपया." माझ्या डब्ब्यात थोड्या सेकंदांनी रुपया नाही पडला तर आपोआप कट होतो, ती सोय याच कारणासाठी असावी, पण तेवढ्या वेळात निरोप होऊन जातोच.

कुणाचंच नुकसान न करणारी युक्ती एकच, रिंग देणे. उचललं नाही की मीटर पडत नाही, हा नियम एक्स्चेंजचाच, त्यात फसवाफसवी कुठेच नाही, आणि आपल्या खान्देशात त्यावर किती संसार चालले त्याची मोजदाद नाही. सुरतेला उधना अन् लिंबायतला आपली किती माणसं आहेत सांगायला नको, मिलमधे, मार्केटमधे, हिऱ्यात. नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत तापी लाईनच्या गाडीने रात्री निघालेला माणूस सुरतेला उतरला की तिथल्या बूथवरून ०२५८७ लावून अमळनेरला मामांच्या नंबरवर रिंग द्यायचा. गल्लीतल्या बऱ्याच घरांचा पीपी नंबर, म्हणजे निरोपासाठी दिलेला शेजारचा नंबर, मामांचाच. ठरलेलं असायचं, एकदा देऊन कट केला म्हणजे पोचलो, लगेच परत दिला म्हणजे मनिऑर्डर टाकली, तिसऱ्यांदा वाजत राहिला म्हणजे उचला, बोलायचंय. मामा घंटी ऐकूनच हाक मारायचे, "ए वहिनी, दादा पोचना वं!" आणि ती बाई दारातूनच हात जोडायची. मामांनी रिंगचे कधी कोणाकडून पैसे घेतले नाहीत.

इथे एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसेल. तुम्हाला कानात जी रिंग ऐकू येते आणि समोरच्या घरात जी घंटी वाजते ते दोन वेगवेगळे सिग्नल आहेत, एकाच तालात असतील असं काही नाही. आपल्याकडची रिंग ट्रिंगट्रिंग करून मग दोन सेकंद गप्प, परत ट्रिंगट्रिंग. तुम्ही एक रिंग ऐकून फोन ठेवला तर तिकडे एक वाजली असेल, दोन वाजल्या असतील, किंवा एकही नाही. म्हणून रिंगा मोजायचा कोड बेभरवशाचा. माझ्या सेटअपवर मी एका रिंगला ठेवलं अन् मामांकडे कधी एक वाजली, कधी नुसता टण्ण करून गप्प. मामांच्या गल्लीने मोजायचा कोड न घेता कट करून परत लावायचा कोड घेतला होता, एकेक फोन वेगळा दिसतो, चूक होतच नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत बसवलं असणार, आणि मला ते त्या शिट्टीवाल्या अमेरिकन पोरांइतकंच हुशारीचं वाटतं, त्यांच्यावर कोणी लेख लिहिले नाहीत एवढंच.

२००३ ला मोबाईलवर इनकमिंग फुकट झालं अन् रिंगेचा मिसकॉल झाला. १ मार्च २००६ ला बीएसएनएलने एक रुपयात देशात कुठेही मिनिटभर बोला अशी स्कीम आणली, मग बूथवर कोण येणार. मामांनी बिलाचं मशीन पेटीत ठेवलं, केबिनमधे झेरॉक्स आली, बाहेरचा लाल डब्बा काही दिवस तसाच होता, मग तोही गेला. न्यूयॉर्कनेसुद्धा रस्त्यावरचा शेवटचा सरकारी पेफोन २३ मे २०२२ ला उपटला.

डब्बा आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी मागितला होता, तिथे दोन फोन दोन वर्गात लावून ठेवले. सातवी-आठवीच्या पोरांना सगळ्यात जास्त आवडलं ते टिचक्या मारून नंबर लावणं, रांग लागली, अन् एका पोरीने तर दहा मिनिटांत शून्यासकट सगळे आकडे बसवले. शिक्षकांना माझं आग्रहाने सांगणं आहे की सर्किट शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन शोधून सापडणार नाही, करंट तुटला-जुडला की पलीकडे घंटी वाजते हे हाताने कळतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो अर्धवट पेटणाऱ्या आकड्यासाठी अन् पाचच्या बटणासाठी. या डब्ब्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पैसे टाकायच्या आधी समोरचं माणूस ऐकू येणं. ज्याच्या खिशात एकच रुपया आहे त्याला चुकीचा नंबर लागला, भलत्याच माणसाने उचललं, किंवा ज्याच्याशी बोलायचं तो घरी नाही असं कळलं, तर रुपया वाचतो. आजच्या कुठल्या ॲपमधे ही सोय आहे सांगा. ज्याने कोणी हे डिझाईन केलं त्याने रुपयाची किंमत ओळखून केलंय. गोलाणीतल्या भाऊंच्या कामाला मात्र पूर्ण पाच, दिलेल्या तारखेला दिलं, जुने काढलेले पार्ट पिशवीत घालून परत दिले, आणि काय बदललं ते कागदावर लिहून दिलं.

घेणार असाल तर भंगारात तीन गोष्टी बघून घ्या. गल्ल्याचं झाकण वाकलेलं नको, बऱ्याच डब्ब्यांना कोणीतरी पहारीने उघडायचा प्रयत्न केलेला असतो. नाण्याच्या वाटेतली ती जीभ जागेवर आहे का ते वरून टॉर्च मारून बघा, ती मिळत नाही, पत्रा कापून बनवावी लागते. अन् खाच २५ मिलिमीटरवालीच आहे का ते तपासायला एक मोठा रुपया सोबत घेऊन जा, विकणाऱ्याकडे नसतो. लाल नाही मिळाला तर पिवळा पण चालेल.